शिकार थांबल्यानंतरचा हिशेब: देवमाशांचा जनुकीय वारसा आणि भरपाईचा प्रश्न

विसाव्या शतकात जगातल्या समुद्रांतून सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. त्यांपैकी २० लाखांहून अधिक एकट्या दक्षिण गोलार्धातले होते. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि १९८५-८६ च्या हंगामापासून तो अमलात आला. त्याच्या आधीच संरक्षण मिळालेले काही समूह तोवर सावरू लागले होते. ब्राझीलच्या किनाऱ्याकडे विण्यासाठी येणारे हंपबॅक देवमासे १९५० च्या दशकात साडेचारशेच्या आसपास उरले होते. आज ते २५ हजारांच्या घरात आहेत. शिकारीपूर्वी ते जितके असावेत असा अंदाज आहे, त्याच्या नव्वद टक्क्यांहून ही संख्या अधिक भरते. असे आकडे पुढे आले की नुकसान भरून निघाले, असे सहज म्हटले जाते. ते खरोखर भरून निघाले का, हा प्रश्न वरवर प्राणिशास्त्राचा दिसतो. पण प्रजाती म्हणजे काय, हानी कोणाची झाली आणि भरपाई कोणाला द्यायची, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, आणि त्या तिन्ही तत्त्वज्ञानाच्या आहेत.

ही शिकार कोणत्या हिशेबाने झाली, ते आधी पाहायला हवे. नॉर्वेच्या स्वेन फॉइन याने १८६० च्या दशकात वाफेवर चालणारी शिकारी बोट वापरात आणली आणि १८७० मध्ये स्फोटक भाल्याचे पेटंट घेतले. तोवर निळा देवमासा आणि फिन देवमासा माणसाच्या आवाक्याबाहेर होते. ते वेगाने पोहत आणि मेल्यावर बुडत. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सेन याने अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकेन हे ठाणे वसवले. पुढच्या सहा दशकांत या एका बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले. १९२५ पासून जहाजाच्या मागच्या बाजूला उतरण ठेवून अख्खा प्राणी वर ओढून घेणारी कारखाना-जहाजे आली, आणि किनाऱ्याची गरजही संपली. चरबीचे तेल युरोपात मार्गारीनमध्ये जाई; पहिल्या महायुद्धात त्यातले ग्लिसरीन स्फोटकांना लागले.

या उद्योगाने मोजणीसाठी 'ब्लू व्हेल युनिट' नावाचे एकक ठरवले होते. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई देवमासे. तेलाच्या उताऱ्यावर बेतलेले हे एकक १९३० च्या दशकात आले. पुढे आयोगाने अंटार्क्टिकातला वार्षिक कोटा याच एककात ठरवला, आणि १९७२ पर्यंत ते चालू राहिले. निळे देवमासे दुर्मीळ झाले तरी कोटा फिन देवमाशांनी भरता येई, ते कमी झाले की सेई देवमाशांनी. व्यवहाराच्या दृष्टीने ही सोय होती, पण तिच्या पोटात एक तत्त्वमीमांसाही होती: देवमासा म्हणजे एका द्रव्याचे माप, आणि एका मापाच्या जागी दुसरे चालते. आज देवमाशांची संख्या पूर्वपदाला आली म्हणजे सारे फिटले असे मानणाऱ्यांना हे एकक नक्कीच रानटी वाटेल. तरीही दोन्हींमागचे गृहीत एकच आहे. मारलेल्याच्या जागी जन्मलेला धरायचा आणि बेरीज जुळली की खाते बंद करायचे.

जनुकशास्त्राने नेमके हे गृहीत अडचणीत आणले. कोणत्याही समूहातल्या प्राण्यांत एकाच जनुकाची अनेक रूपे असतात; काही सर्रास आढळतात, काही विरळा. समूह अचानक आक्रसला की कोणती रूपे टिकायची, हे गुणवत्तेपेक्षा योगायोगावर ठरते. मिसळीच्या कडधान्याच्या पोत्यातून एक मूठ काढली तर मटकी-मूग हमखास हाती येतात आणि पोत्यात मोजकेच असलेले चार दाणे बहुधा पोत्यातच राहतात. शिकारीनंतर उरलेला समूह ही अशी मूठ असते. मूठ लहानच राहिली तर पुढची घट पिढीगणिक होत जाते. प्रजोत्पादन करणारे प्राणी ५० असतील तर एका पिढीत विविधतेचा सुमारे एक टक्का जातो. ५०० असतील तर एक दशांश टक्का. आईकडूनच पिलाला मिळणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या बाबतीत ही गळती आणखी वेगाने होते. एखाद्या मातृवंशातल्या सगळ्या माद्या मेल्या, किंवा त्यांना माद्या झाल्या नाहीत, की ती रेषा तिथेच खुंटते. नवी विविधता उत्परिवर्तनातून येते, पण तिला हजारो पिढ्या लागतात. निळ्या देवमाशाची एक पिढी साधारण ३० वर्षांची धरली तर हजार पिढ्या म्हणजे ३० हजार वर्षे.

निळ्या देवमाशाचेच उदाहरण सर्वांत बोलके आहे. शिकारीपूर्वी अंटार्क्टिकात त्यांची संख्या सुमारे २ लाख ३९ हजार होती असा अंदाज आहे. १९७३ च्या सुमारास ते ३६० च्या आसपास उरले असावेत. हजारात दोनसुद्धा वाचले नाहीत. अशा समूहात विविधता जवळजवळ संपलेली असायला हवी होती. प्रत्यक्षात अंटार्क्टिकातल्या जिवंत देवमाशांच्या त्वचेचे बारीक तुकडे तपासले तेव्हा मायटोकाँड्रियल डीएनएचे ५२ वेगवेगळे प्रकार सापडले. याचे कारण त्यांच्या दीर्घायुष्यात आहे. निळा देवमासा ८०-९० वर्षे जगू शकतो. १९७३ मध्ये पोहणारी एखादी मादी कारखाना-जहाजे येण्याच्या आधी जन्मलेली असू शकत होती, आणि त्या जुन्या, भरल्या समुद्राची जनुके तिच्या अंगात होती. आक्रसलेपणाचा काळ त्यांच्या मानाने एक-दोन पिढ्यांचाच ठरला.

पण हा दिलासा अर्धा आहे. साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पडून राहिलेल्या जुन्या हाडांतून डीएनए काढून तो आजच्या देवमाशांशी ताडून पाहिला गेला. निळ्या आणि हंपबॅक देवमाशांच्या बाबतीत, हाडांत दिसणाऱ्या काही मातृवंशरेषा आजच्या नमुन्यांत आढळत नाहीत. सरासरी विविधता टिकली, पण काही विशिष्ट वंश गेले. या दोन वाक्यांत विरोध नाही, आणि पुढचा सगळा नैतिक प्रश्न त्यांच्यामधल्या फटीत आहे.

समुद्रातल्याच दुसऱ्या एका प्राण्याच्या वाट्याला उलटे आले. कॅलिफोर्निया-मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचे उत्तरेकडचे एलिफंट सील तेलासाठी इतके मारले गेले की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते नामशेष झाले असेच मानले जात होते. १८९२ मध्ये ग्वादालूपे बेटावर मोजके आठ-नऊ सील सापडले, आणि सापडलेल्यांपैकी सात शास्त्रज्ञांनी संग्रहालयासाठी मारले. प्रजाती संपतच आली आहे, तेव्हा निदान नमुने तरी जपावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतक्या प्रामाणिकपणे केलेले इतके उफराटे काम विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आज या सीलांची संख्या दीड लाखांच्या पुढे आहे, पण त्यांच्यात मायटोकाँड्रियल डीएनएचे फक्त दोन प्रकार आढळले आहेत. संख्येच्या कसोटीवर हा पुनरुज्जीवनाचा आदर्श नमुना ठरतो. वंशाच्या कसोटीवर मात्र एका मोडलेल्या घराण्याच्या दोनच शाखा दीड लाख तोंडांनी बोलत आहेत.

यातून पहिला तात्त्विक प्रश्न उभा राहतो: देवमाशाची एखादी प्रजाती, किंवा तिच्यातला एखादा समूह, ही कोणत्या प्रकारची वस्तू आहे? न्याय-वैशेषिक दर्शनाने 'सामान्य' किंवा 'जाति' हा स्वतंत्र पदार्थ मानला. गोत्व एक आहे, नित्य आहे आणि सर्व गायींत समवेत आहे. गायी जन्मतात, मरतात. गोत्वाला जन्म-मरण नाही. या भूमिकेतून पाहिले तर शिकारीने व्यक्ती नष्ट केल्या, जातीला धक्का लागला नाही. उरलेल्या ३६० देवमाशांत ते सामान्य पूर्वीइतकेच पूर्ण होते, कारण सामान्याचे तुकडे होत नाहीत. बौद्ध तार्किकांनी हे मत फेटाळले. दिङ्नागाच्या मते 'गाय' या शब्दामागे नित्य गोत्व नावाची वस्तू नसते. जे गाय नाही त्याला वगळण्याची बुद्धीची क्रिया तेवढी असते. बौद्धांच्या लेखी खरे असतात ते क्षण, आणि एकातून दुसरा उपजत जाणारा त्यांचा प्रवाह. त्याला त्यांनी 'संतान' म्हटले.

अर्थात या दर्शनांपुढे प्रजातीचा उच्छेद हा प्रश्नच नव्हता, आणि त्यांच्या तोंडी आजचे निष्कर्ष घालणे अन्यायाचे होईल. तरीही त्या वादाची मांडणी इथे उपयोगी पडते. आधुनिक जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानात मायकेल घिसेलिन यांनी १९७४ मध्ये आणि त्यांच्यापाठोपाठ डेव्हिड हल यांनी असे मांडले की प्रजाती हा गुणधर्मांनी ठरणारा वर्ग नसून काळात पसरलेली एक ऐतिहासिक व्यक्ती आहे. तिला आरंभ असतो, शेवट असतो आणि ती एकदाच होते. ही भूमिका जातीपेक्षा संतानाच्या कल्पनेला जवळची आहे. ती मान्य केली तर जनुकीय विविधतेकडे जातीच्या एखाद्या गुणासारखे पाहता येत नाही. त्या व्यक्तीने आतापर्यंत जे भोगले, जिथे भटकली, ज्यातून तरली, त्याचा तो साठा ठरतो. मग संख्या परत येणे आणि प्रजाती पूर्वपदावर येणे या दोन वेगळ्या घटना होतात. साउथ जॉर्जियाच्या हाडांतली जी मातृवंशरेषा आज आढळत नाही, तिच्या जागी दुसऱ्या रेषेतली हजार पिले जन्मली तरी ती जागा रिकामीच राहते.

जनुकांत न उतरणारा वारसाही असतो. देवमाशाचे पिलू आईबरोबर पहिला प्रवास करते आणि चरण्याचे ठिकाण तिच्याकडून शिकते. न्यूझीलंडच्या मुख्य बेटांभोवती दक्षिणी राइट देवमासे एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने विण्यासाठी येत. १९२८ ते १९६३ या काळात तिथे एकही दिसला नाही. दूर दक्षिणेकडच्या उपअंटार्क्टिक बेटांपाशी थोडे उरले होते, पण मुख्य बेटांची वाट ज्या आयांना ठाऊक होती त्या मारल्या गेल्या होत्या. पाणी तेच, उपसागरही तेच. ती वाट ठाऊक असलेले कोणी उरले नव्हते, एवढाच फरक. अलीकडे काही माद्या पुन्हा तिकडे येऊ लागल्या आहेत. ही जुनी आठवण परतली असे मानण्यापेक्षा वाट नव्याने शोधली जात आहे असे मानणे अधिक योग्य.

दुसरा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि तो अधिक नाजूक. जनुकांत हानी दिसली म्हणून दोष सिद्ध होतो का? उत्तर अटलांटिकमधल्या राइट देवमाशांची संख्या आज चारशेहून कमी आहे आणि त्यांची जनुकीय विविधता फार थोडी आहे. याचे खापर दीर्घकाळ बास्क शिकाऱ्यांवर फोडले गेले. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे हे लोक अकराव्या शतकापासून देवमासे मारत होते, आणि सोळाव्या शतकात तर कॅनडातल्या लॅब्राडोरपर्यंत पोहोचले होते. तिथल्या रेड बे या बंदरात १५६५ मध्ये बुडालेल्या 'सान हुआन' जहाजाभोवती आणि किनाऱ्यावर हाडांचे ढीग सापडले. त्यांतली सुमारे निम्मी हाडे राइट देवमाशांची असावीत, असे आकारावरून ठरवले गेले होते. डीएनए तपासल्यावर जवळजवळ सगळी हाडे बोहेड या दुसऱ्याच देवमाशाची निघाली. राइट देवमाशाचे हाड एकच मिळाले. त्या एका हाडातल्या जनुकांवरून असेही दिसले की या समूहाची विविधता सोळाव्या शतकातही फारशी नसावी. दीर्घकाळ चालत आलेला आरोप त्यामुळे डळमळला. पुढच्या शतकांत किनाऱ्यावरच्या शिकाऱ्यांनी राइट देवमासे मारून संपवत आणले हे खरेच आहे. परंतु जनुकीय दारिद्र्याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच सांभाळून घ्यावा लागतो. २००३ मध्ये जो रोमन आणि स्टीफन पलुंबी यांनी आजच्या देवमाशांच्या विविधतेवरून शिकारीपूर्व संख्येचा अंदाज बांधला. जितकी विविधता अधिक तितका दीर्घकाळातला समूह मोठा, हे त्यामागचे तत्त्व. उत्तर अटलांटिकमध्ये हंपबॅक सुमारे २ लाख ४० हजार असावेत असे त्यांचे गणित आले. जुन्या जहाजांच्या नोंदींवरून धरलेला आकडा २० हजारांच्या आसपास होता. बारापट फरक! आयोगाने स्वीकारलेल्या व्यवस्थापन-पद्धतीनुसार एखादा समूह मूळ संख्येच्या ५४ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याची व्यापारी शिकार करता येत नाही. मूळ संख्या २० हजार धरली तर शिकारीचे दार केव्हाच उघडू शकते; अडीच लाख धरली तर ते कित्येक पिढ्या बंद राहते. पुढच्या संशोधनात, अधिक जनुके घेऊन, हा अंदाज सुमारे १ लाख १२ हजारांवर आला. शिवाय जनुके सांगतात ती हजारो वर्षांची सरासरी असते, शिकारीच्या आदल्या वर्षीची खानेसुमारी नव्हे. म्हणजे ज्या 'मूळ' स्थितीकडे परतायचे, ती स्थिती निसर्गाने लिहून ठेवलेली नाही. कोणत्या वर्षीचा समुद्र हा खरा समुद्र मानायचा, हे माणसालाच ठरवावे लागते, आणि ठरवणारे बहुधा त्यात हितसंबंध असलेलेच असतात.

इथे हानी आणि अपराध यांतला भेद स्पष्ट करायला हवा. जनुकशास्त्र हानी मोजते. अपराध मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. निळ्या देवमाशांची विविधता बरीच टिकली ही जैविक दैवयोगाची गोष्ट आहे. त्यामुळे लाखो प्राण्यांना स्फोटक भाल्याने मारण्याचे कृत्य सौम्य होत नाही. राइट देवमाशांची विविधता आधीच कमी होती म्हणून त्यांच्या मारेकऱ्यांचे पाप कमी होत नाही, तसेच हे. परिणामावरून कृत्य तोलणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण परिणाम प्राण्याच्या आयुर्मानावर अवलंबून निघाला.

मग हानी झाली कोणाची? जैन परंपरेचे उत्तर थेट आहे. देवमासा हा पंचेंद्रिय जलचर जीव आहे. प्रत्येक जीव स्वतंत्र आहे आणि प्रत्येकाच्या वधाचे कर्म स्वतंत्र बांधले जाते. या हिशेबात २९ लाख म्हणजे २९ लाख वेळा केलेली हिंसा, आणि त्यांतला शेवटचा जीव पहिल्याहून अधिक मौल्यवान नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रीगन यांनी १९८३ मध्ये प्राण्यांच्या हक्कांची जी मांडणी केली तीही याच वळणाची आहे: हक्क व्यक्तीला असतात, प्रजातीला नसतात. याच्या उलट आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात संपूर्ण जीवसमुदायालाच नैतिक विचाराचा विषय केले. होम्स रोल्स्टन यांनी पुढे असे म्हटले की प्रजाती नष्ट करणे हा व्यक्तिवधाच्या पलीकडचा वध आहे, कारण त्यात पुढच्या सर्व जन्मांचा मार्गच बंद होतो.

या दोन भूमिकांत निवड करावीच लागते असे नाही. व्यक्तिवादी भूमिका शिकारीतली वेदना नीट पाहते. पण शेवटच्या दहा माद्यांना मारण्यात आणि दहा हजारांतल्या दहांना मारण्यात काही वेगळे घडते, हे तिला सांगता येत नाही. समुदायवादी भूमिका ते सांगते, पण तिच्या तावडीत व्यक्ती सापडली तर समूहाच्या भल्यासाठी तिचा बळी देणे योग्य ठरू शकते. रीगन यांचा तिच्यावर हाच आक्षेप होता. वंशरेषेचा विचार या दोहोंच्या मध्ये बसतो. मातृवंश हा अमूर्त वर्ग नसतो. विशिष्ट आया आणि विशिष्ट लेकी यांचीच ती साखळी असते. ती खुंटते तेव्हा एकेका जीवाच्या मृत्यूवाटेच खुंटते.

आणखी एक पेच डेरेक पारफिट यांच्या १९८४ मधल्या ग्रंथातून येतो. शिकार झाली नसती तर वेगळ्या जोड्या जमल्या असत्या आणि वेगळी पिले जन्मली असती. आज पोहणारा कोणताही देवमासा शिकारीशिवाय अस्तित्वातच आला नसता. मग शिकारीने त्याचे नुकसान केले असे कसे म्हणायचे? त्याच्यापुढे पर्याय होता तो अधिक समृद्ध जनुकांनिशी जगण्याचा नव्हे, जन्मालाच न येण्याचा. हा युक्तिवाद तर्काने निर्दोष आहे आणि तरी समाधान देत नाही. ज्याचे नुकसान झाले असा एकही प्राणी बोटाने दाखवता आला नाही, तरी वंशाचे झालेले नुकसान दाखवता येते. किंबहुना वंशाला स्वतंत्र नैतिक वजन द्यावे लागते याचे सर्वांत भक्कम कारण पारफिट यांचा पेच हेच आहे.

भारतीय दर्शनांत कर्मविचाराला दोन आपत्ती टाळाव्या लागतात: केलेल्या कर्माचे फळ नष्ट होणे, म्हणजे कृतप्रणाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे, म्हणजे अकृताभ्यागम. देवमाशांच्या इतिहासात दोन्ही एकदम घडल्या. ज्यांनी मारले आणि ज्यांनी ते मार्गारीन खाल्ले, ते फळ न भोगता गेले. ज्या पिलांनी काहीच केले नाही, त्यांच्या वाट्याला अरुंद वारसा आला; रोगाला किंवा तापत्या समुद्राला तोंड देण्यासाठी लागणारे एखादे रूप त्यांच्यात नसेल, तर त्याचे मोल तीच देतील. कर्मसिद्धांताचे पुरस्कर्ते पूर्वजन्माचा आधार घेऊन हा हिशेब जुळवतील, पण असे जुळवणे वर्तमानातल्या कर्त्याला फार स्वस्तात सोडते. त्यापेक्षा ऋणाची कल्पना अधिक कामाची आहे, कारण तिथे वारस देणे लागतो. वैदिक परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. शतपथ ब्राह्मणात त्यांत माणसांचेही ऋण आले. पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला स्थान मिळाले, परंतु ऋणांच्या यादीत इतर जीवांचे ऋण नाही. प्राण्याला काढून ठेवायचा घास हे गृहस्थाचे औदार्य होते. प्राणी सावकार नव्हता. समुद्राच्या बाबतीत ही यादी वाढवण्याची वेळ आली आहे, असे म्हणणे परंपरेशी विसंगत होणार नाही.

ऋण मान्य केले तरी ते फेडायचे कसे? गेलेली वंशरेषा परत देता येत नाही. प्रयोगशाळेत जुन्या हाडांतून ती उभी करण्याच्या कल्पना अधूनमधून मांडल्या जातात, पण तशी निर्माण केलेली मादी आईबरोबर पोहलेली नसेल, आणि तिच्या रेषेतला खंड तसाच राहील. उरते ते एवढेच: जे वंश आज अरुंद वाटेवर आहेत त्यांची आणखी गळती होऊ न देणे. पूर्व पॅसिफिकमधल्या फिन देवमाशांची संख्या शिकारीने ९९ टक्क्यांनी घटली, तरी त्यांची विविधता बव्हंशी टिकल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले. आक्रसलेपणाचा काळ लांबला असता तर हे घडले नसते. त्याच अभ्यासातला कॅलिफोर्नियाच्या आखातातला एकाकी समूह हजारो वर्षे लहानच राहिला होता, आणि त्याच्यात अपायकारक उत्परिवर्तने अधिक साठलेली होती. म्हणजे वेळ हाच इथला खरा घटक आहे. शिकार किती झाली याइतकेच ती कधी थांबली यालाही महत्त्व आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. ते वर्षभर याच समुद्रात राहतात. जनुकांवरून ते सुमारे ७० हजार वर्षांपासून इतरांपासून तुटलेले आहेत आणि त्यांची विविधता कमी आहे. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत कारखाना-जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर त्यांच्यापैकी २४२ मारले, बहुतेक सगळे १९६६ च्या नोव्हेंबरमधल्या काही दिवसांत. आयोगाला ही शिकार कळवलीच गेली नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात खऱ्या नोंदी बाहेर आल्या. ओमानच्या किनाऱ्यावर पुढे छायाचित्रांवरून केलेल्या मोजणीत ८२ चा अंदाज निघाला. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली आणि दक्षिणेकडे गेली. हा समूह दोन्ही किनाऱ्यांचा आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. त्यांना आज भाल्याचे भय नाही. मासेमारीची तरंगती जाळी आणि मालवाहू जहाजांची गर्दी हे त्यांचे धोके आहेत, आणि इतक्या लहान समूहात जाळ्यात अडकून मेलेली एक मादी म्हणजे एक मातृवंश संपणे असू शकते. निळ्या देवमाशांना दीर्घायुष्याने तारले, म्हणून याही समूहाला ते तारेल असे मानायला आधार नाही. त्यांची चिंचोळी वाट अजून संपलेली नाही, आणि तिची लांबी किनारपट्टीवरची सरकारे जाळी आणि जहाजमार्ग यांबाबत काय करतात त्यावर ठरणार आहे.